डिलोसचा शिट्टीवाला

मे महिन्यातल्या एका सकाळी मिर्तोच्या चपलेचा पट्टा तुटला. ती जवळच्या संगमरवरी ओट्यावर टेकते न टेकते, तोच कानाशी शिट्टी वाजली... फुर्रर्र!

"बाई, अडीच हजार वर्षं टिकलाय तो दगड. तुमच्याच भाराने मोडायचा!"

मिर्तोने वर पाहिलं. उन्हाने रापलेला चेहरा, दाट भुवया, गळ्यात शिट्टी. ग्रीसच्या डिलोस बेटावरच्या प्राचीन अवशेषांचा पहारेकरी.

"मी गाइड आहे," एका पायावर लंगडत उभी राहून ती शक्य तितक्या ताठ्यात म्हणाली.

"मग तर दोन शिट्ट्या," तो म्हणाला, आणि खरंच पुन्हा फुंकली.

त्याचं नाव सिदेरिस. त्या दिवसापासून दोघांची जी जुंपली, ती उन्हाळाभर. मिर्तो आठवड्यातून दोनदा शेजारच्या मिकोनोस बेटावरून बोटीने प्रवासी घेऊन डिलोसला यायची. कुणी खांबाला नुसता हात लावला तरी फुर्रर्र! मग मिर्तोही माइकवरून सुनावायची, "उजवीकडे अपोलोचं देऊळ. डावीकडे या बेटावरचा दुर्मीळ प्राणी. बोलत नाही, नुसता वाजतो." मंडळी हसायची. सिदेरिसचे कान लालबुंद व्हायचे. आणि परतीच्या बोटीत ते लाल कान आठवून मिर्तोला उगाचच हसू यायचं... डिलोसच्या दिवशी निळाच झगा का घालायचा, याचं उत्तर मात्र तिने आरशालाही दिलं नव्हतं.

सप्टेंबर संपत आला. आजची तिची शेवटची फेरी. सोमवारपासून अथेन्सच्या कचेरीत खुर्चीवरची नोकरी. हे तिने सिदेरिसला सांगितलं नव्हतं. कशाला सांगायचं? शिट्टीचा निरोप कोण घेतं!

आज सोबत होतं कोझानी गावचं पेन्शनर मंडळ; सोमवारपासूनच्या नोकरीचं तिने त्यांना मात्र बोटीतच सांगून टाकलं होतं. त्यात सर्वांत पुढे एव्हान्थियाबाई, निवृत्त सुईण, वय शहात्तर.

"हे बेट इतकं पवित्र," मिर्तो सांगत होती, "की पूर्वी इथे जन्मायला आणि मरायला बंदी होती."

"म्हणजे कळा सुरू झाल्या की बाईला बोटीत घालायचे?" एव्हान्थियाबाई कडाडल्या. "कुठल्या गाढवाने केला हा कायदा? आणि काय गं, प्रेमात पडायला होती का बंदी?"

"नाही... तसं कुठे लिहिलेलं—"

फुर्रर्र!

"अहो, मी काय केलं?" मंडळातले थ्रासिवुलोस आजोबा दचकून म्हणाले. "मी तर नुसता ढग बघत होतो!"

एव्हान्थियाबाईंनी आधी आजोबांकडे पाहिलं, मग सिदेरिसकडे. त्याची नजर आजोबांवर नव्हतीच, निळ्या झग्यावर होती. चाळीस वर्षं सुईणपण केलेल्या बाईला, कुणाला कळा सुरू झाल्यात हे काय सांगायला लागतं?

इतक्यात कप्तानाचा फोन आला. वारा चढतोय, ताबडतोब निघा, नंतर बोट सुटणार नाही. मिर्तोने सगळ्यांना धक्क्यावर पिटाळलं आणि पाहते तर एव्हान्थियाबाई गायब!

ती धावत सुटली. बाई सापडल्या दगडी सिंहांच्या पुढ्यात, पाय पसरून बसलेल्या. शेजारी सिदेरिस, चेहरा उतरलेला.

"गुडघा गेला बाई माझा," त्या आनंदाने म्हणाल्या. "आणि ऐक, तू सोमवारपासून येणार नाहीस हे या पोराला ठाऊकच नव्हतं!"

सिदेरिस गवत वाहायची एकचाकी ढकलगाडी घेऊन आला, बाईंना उचलून तिच्यात बसवलं आणि ढकलू लागला. मिर्तो शेजारून चालू लागली. वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते.

"बोला तुम्ही," बाई म्हणाल्या. "मला ऐकू येत नाही."

चाक करकरत होतं.

"सांगायचं तरी होतंत," सिदेरिस पुटपुटला.

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत? तीन शिट्ट्या?"

"तुम्ही आलात की मला बोलायला सुचत नाही. काहीतरी करावंसं वाटतं, आणि हाताशी... ही एवढीच असते."

"म्हणून त्या बिचाऱ्या आजोबांना?"

"तू वळून बघतेस ना... तेवढ्यासाठी."

'तू' कानावर पडलं आणि मिर्तो ठेचकाळली. सपाट रस्त्यावर.

"मोठ्याने बोल रे," गाडीतून आवाज आला. "शेवटचं नीट कळलं नाही!"

"मला आवडतेस तू!" सिदेरिस ओरडला. "मे महिन्यापासून! एका पायावर उभी होतीस तेव्हापासून!"

मिर्तोने तोंड उघडलं, पण धक्का आला होता. कप्तान हातवारे करत होता, दोर सुटत होता. गुडघा गेलेल्या एव्हान्थियाबाईंनी गाडीतून टुणकन उडी मारली आणि मिर्तोचा हात धरून तिला फरफटत बोटीत नेलं.

बोट हलली. सिदेरिस धक्क्यावर रिकाम्या गाडीशी उभा. दोघांमध्ये हातभर पाणी... मग पुरुषभर... मिर्तो कठड्याशी धावली.

"अथेन्सला ये!"

"काय?" वाऱ्यात त्याला काही ऐकू येईना.

"ये म्हणतेय!" सगळं पेन्शनर मंडळ एका सुरात ओरडलं.

"कधी?"

मंडळी मिर्तोकडे वळली. "रविवारी," ती लाजून म्हणाली.

"रविवारीच! जेवायला!" जेवण थ्रासिवुलोस आजोबांनी स्वतःच्या मनाने जोडलं.

सिदेरिसने दोन्ही हात उंच केले आणि वेड्यासारखा हलवत राहिला. तो अगदी ठिपक्याएवढा झाला, तेव्हा मिर्तोने एकदम कपाळावर हात मारला.

"अगं बाई! पत्ता? त्याला माझा पत्ता कुठे ठाऊक आहे?"

"फोन नंबर आहे की त्याच्याकडे," एव्हान्थियाबाई पिशवीतून ऑलिव्ह काढत म्हणाल्या. "सहलीच्या पहिल्या दिवशी तू आम्हाला तुझ्या फोन नंबराचं कार्ड दिलंस ना, कुणी हरवलं तर असू दे म्हणून? माझं मी त्याला दिलं. आमच्यात हरवलेला तोच एक होता."