गोळी लागू पडेना

"त्या सुईवाल्यानं बाबांचा हात निळा केला, आई. रक्त काढून राहिला होता की विहीर खणून, देव जाणे," प्रणोती फोनवर बडबडत होती. लिफ्टमध्ये तिच्याशिवाय एकच तरुण होता, आणि जबलपूरच्या दवाखान्यात त्याला मराठी कळणार थोडीच.

लिफ्ट थांबली. बाहेर पडता पडता तो वळला.

"विहीर मीच खणली. सॉरी... काकांच्या शिरा बारीक आहेत."

तिचे कान तापले. तोवर दार बंद झालं.

तो अंबरीश. वरच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये हृदयरोग्यांच्या जनुकांवर काम करायचा. तिचे बाबा, रामकृष्णजी, फॅक्टरीतून निवृत्त झालेले. दिवाळीत त्यांना स्टेंट बसवला होता, आणि आता त्यातच रक्ताची गुठळी होऊन पुन्हा छातीत कळ आली होती. बाबांनी गोळ्या चुकवल्या, असंच प्रणोतीनं धरलं होतं. सगळ्या वॉर्डासमोर ती त्यांना रागावली होती.

"मी रोज घेऊन राहिलो, पोरी," ते एवढंच म्हणाले होते, आणि भिंतीकडे तोंड करून निजले होते.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात ती येरझारा घालत असताना अंबरीश दोन चहा घेऊन आला.

"बसा ना जरा."

"बसवत नाही."

"मग उभ्यानं प्या. पण ऐका." त्यानं एक कप तिच्या हातात दिला. "काकांची ती गुठळी न होऊ देणारी गोळी आहे ना, ती पोटात जाते तेव्हा कामाची नसते. लिव्हर तिला कामाची बनवतं. काही लोकांचं ते जनुकच ढिलं असतं. मग रोज घेतली तरी गोळी लागू पडत नाही."

चहा तिच्या हातात तसाच राहिला. "म्हणजे बाबा... खरं बोलून राहिले होते?"

"अभी पक्का नाही. त्यासाठीच तर रक्त नेलं. रिपोर्ट येऊ द्या."

रिपोर्ट काही येईना. बाबांच्या उशाशी बसलं की तिला वर जावंसं वाटे, वर गेलं की खाली. जिना चढताना आपण केस नीट करून राहिलो, हे लक्षात आलं तेव्हा ती स्वतःवरच चिडली. बाप खाटेवर, आणि हे काय भलतंच...

"आला रिपोर्ट?" तिनं लॅबच्या दारातून विचारलं.

"नाही. तुम्ही आलात, तेही चालेल."

"फोन लागत नव्हता, म्हणून आले."

"अच्छा? माझा तर वाजलाच नाही." तो हसला. ती हसू दाबत खाली पळाली.

शेवटी तोच धापा टाकत वॉर्डात आला. बाबांच्या जनुकाच्या दोन्ही प्रती ढिल्या निघाल्या होत्या. मोठ्या डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळी बदलली. प्रणोती बाबांचे पाय चेपत बसली. माफी कशी मागावी, ते तिला सुचेना.

"रडू नको," बाबा म्हणाले. "त्यापेक्षा भजी आण."

"भजी नाही मिळणार."

बाबा घरी आले, हिंडूफिरू लागले, तरी प्रणोतीचं मन थाऱ्यावर येईना. एका रविवारी बाबांना नर्मदा बघायची होती, म्हणून ती त्यांना तिलवाऱ्याला घेऊन गेली. अंबरीशला बाबांनीच बोलावलं होतं. ते घाटावर ऊन खात बसले, आणि ही दोघं पाण्याच्या कडेनं चालत राहिली.

"माझ्यातही असेल का हो ते?"

"एक प्रत असणारच. काकांकडे दोन्ही तशाच, तर तुम्हाला दुसरी कुठून देतील? घाबरू नका, तो आजार नाही. कधी ही गोळी घ्यायची वेळ आली, तर डॉक्टरांना आधी सांगायचं."

"आणि तुम्ही?"

"तपासलंय ना. मलाही एक आहे. म्हणजे आपल्या मुलांना चारात एक वेळ दोन्ही..."

तो थांबला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"म्हणजे... उदाहरण म्हणून—"

"उदाहरण काहून?" प्रणोतीनं विचारलं. ती बोटांभोवती ओढणी पिळत होती. "त्यांची गोळी आपण आधीच बदलून घेऊ. तुम्ही पुढचं बोला."

त्यानं हलकेच तिच्या बोटांतून ओढणी सोडवली, आणि हात मात्र धरूनच ठेवला.