पांढरं कार्ड आणि चार दिवस

एकोडीच्या मंडईत गुंजनने त्या दिवशी शंभरेक लोकांची बोटं हातात धरली होती, पण सोडावंसं वाटू नये असं बोट त्यात एकच निघालं.

दिवाळी उलटली की इकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकी-जावई येतात, सोयरेधायरे भेटतात, आणि जिलेबीच्या दुकानासमोर उभ्या उभ्या लग्नांची बोलणी निघतात. या भागात सिकलसेलचा आजार घरोघरी माहीत असलेला. पत्रिकेच्या आधी रक्ताचं कार्ड मागणारे बाप आता वाढलेत. म्हणून आरोग्य खात्याने मंडईतच तपासणीचं टेबल मांडलं होतं, आणि साकोलीच्या सरकारी दवाखान्यातली सत्तावीस वर्षांची लॅब टेक्निशियन गुंजन सकाळपासून सुया टोचत बसली होती.

दुपारी शकुनबाई आपल्या मुलाला दंडाला धरून घेऊन आल्या. "याले सिकल हाये. कागद तेवढा बनवून द्या, बाई," असं म्हणून त्याला खुर्चीत बसवलं आणि स्वतः बांगड्यांच्या दुकानाकडे वळल्या.

मुलाचं नाव निकेश. वय एकोणतीस, अंगाने उंच, धंदा विहिरीच्या मोटारी बांधण्याचा, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळण्याचा. महिन्या-दोन महिन्यांनी हा माणूस चार दिवस अंथरुणाला खिळायचा. ताप, अंगाचा ठणका, डोळ्यांची आग. रक्त कोणी कधी तपासलं नव्हतं, पण पुन्हा पुन्हा अंग दुखतं म्हणजे सिकलच, असं अख्ख्या गावाने ठरवून टाकलं होतं. तीन मुलींकडच्यांनी तेवढ्यावरून पाठ फिरवली होती.

"मूठ उघडा. सुईले भेता का?" गुंजनने विचारलं.

"सुईले नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा वर पाहिलं.

गुंजन कापूस शोधत राहिली. कापूस तिच्याच हातात होता.

थोड्या वेळाने तिने रक्ताची नळी काळ्या रेघांच्या कागदासमोर धरली. रेघा पुसट झाल्या तर आजाराची शंका; इथे त्या लख्ख दिसत होत्या. तिने त्याला जवळ बोलावून दाखवलं. तुम्हाला सिकल नाही, वाहकसुद्धा नाही, असं सांगून तिने निरोगी माणसाचं पांढरं कार्ड भरायला घेतलं. आता हा उडीच मारेल असं तिला वाटलं होतं. त्याचा चेहरा मात्र दहावीत नापास झाल्यासारखा उतरला.

"मॅडम..." बांगड्यांच्या दुकानाकडे बघत तो हळूच म्हणाला, "हे आईले नका सांगू."

कार्ड खिशात घालून तो गर्दीत शिरला. निरोगी निघाल्याचं दुःख झालेला माणूस गुंजनने जन्मात पाहिला नव्हता. परतताना जीपमध्ये ती तेवढाच विचार करत होती. तेवढाच, आणि त्याच्या डोळ्यांचा. खोटं कशाला बोला.

पंधरवड्याने लॅबमधली रक्त फिरवायची मशीन जळाली, तेव्हा गुंजनने स्वतःहून एकोडीच्या निकेशला फोन लावला. त्याने मोटार बांधून आणून दिली. मग गुंजनच्या घरची विहिरीची मोटार बिघडली. मग मिक्सर. मग पंखा. "थंडीत पंखा कायले दुरुस्त करून राहिली?" तिचे वडील तुलाराम विचारते झाले. उन्हाळा काय येणार नाही का, असं म्हणून ती आत पळाली.

"काय झालं होतं पंख्याले?" निकेशने पंखा परत आणल्यावर तिने गंभीर चेहऱ्याने विचारलं.

"काही नाही. आतली वायर कोणीतरी काढून ठेवली होती."

"उंदीर असंल."

"उंदराले पेचकस चालवता येते का, मॅडम?"

ती लाजली आणि हसलीही. तो हसला तेव्हा तिला कळून चुकलं की आता घरात बिघडवायला फक्त फ्रिज उरलाय, आणि हा माणूस तर रोज हवा.

पण दुरुस्तीला नेलेला मिक्सर द्यायला तो ठरल्या दिवशी आलाच नाही. फोन बंद. तिसऱ्या दिवशी तिने स्कूटी काढली आणि सरळ एकोडी गाठली. निकेश अंगणातल्या खाटेवर पडला होता. डोळे लालबुंद, अंग तापलेलं. तिला पाहून त्याने काही मागायचा प्रयत्न केला, पण शब्दच सापडेना. "ते... ते..." म्हणत माठाकडे बोट दाखवत राहिला. त्याला पाणी हवं होतं.

"सिकल उठली," शकुनबाई म्हणाल्या. ते खरं नाही हे निकेशशिवाय माहीत असलेली तिथे एकटी गुंजन होती. त्याने आईला सांगू नका म्हटलं होतं, म्हणून तिने ते खोडून काढलं नाही. पेला मात्र तिने स्वतः त्याच्या ओठांना लावला.

बरा झाल्यावर त्याने तिला तलावाच्या पाळीवर बोलावलं. दुपारचं ऊन कोवळं होतं, पाण्यावर शिंगाड्याच्या वेली पसरलेल्या. बराच वेळ तो नुसता गवताची काडी मोडत बसला.

"आज सांगून टाकतो," तो म्हणाला. "ऐकून तू उठून गेली तरी मी वाईट मानणार नाही." मॅडमची आज 'तू' झाली होती. "नऊ वर्षं झाली. अंगातलं सुख... म्हणजे, शिगेले पोचलं ना... त्याच्यानंतर..."

"वीर्य गेलं की?" गुंजनने विचारलं. लॅबमधल्या बाईला या शब्दाचं काही वाटत नव्हतं.

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने मान हलवली. झोपेत झालं तरी तेच, तो सांगत होता. तासाभरात ताप, मग डोक्यात धुकं, चार दिवस. एका डॉक्टरने हसण्यावारी नेलं. एकाने ताकदीच्या गोळ्या दिल्या. एक म्हणाला, लग्न करा, सगळं बरं होईल.

"लग्न केलं तर त्या पोरीले काय सांगू? तू जवळ आली म्हणून मी आजारी पडलो? त्यापेक्षा सिकल बरी. लोक स्वतःच नाही म्हणतात, मले काही सांगा लागत नाही. तुले मात्र..." तो थांबला. "तुले खोटं सांगवलं नाही."

गुंजनला भीती वाटली. पुढची सगळी वर्षं तिच्या डोळ्यांसमोरून गेली: प्रत्येक जवळिकीनंतर तापलेलं अंग आणि उशाशी बसलेली ती. मग तिला माठाकडे वळलेलं ते बोट आठवलं, आणि तो पेला दुसऱ्या कोणी धरावा हे काही तिला सोसवेना.

"हात धरला तर येते का ताप?" तिने विचारलं.

"माहीत नाही. कोणी धरलाच नाही."

"मग तपासून पाहू."

तिने त्याचा हात हातात घेतला. अर्धा तास. दोघंही शिंगाड्याच्या वेलींकडे बघत बसले, आणि दोघांनाही त्या वेली धड दिसत नव्हत्या. मग तिने पर्समधून थर्मामीटर काढून त्याच्या जिभेखाली ठेवलं.

"अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. नॉर्मल."

"पण काळीज लय धडधडून राहिलं."

"ते तर माझंही," ती म्हणाली, आणि हात तसाच धरून ठेवला.

पुढे तिने शोध घेतला. या आजाराला लांबलचक इंग्रजी नाव होतं. तो कमी लोकांना होतो, आणि डॉक्टरांनाच त्याची नीट उकल झालेली नाही. नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी दोघांचं न हसता ऐकून घेतलं. औषधं देऊन बघू, पण खात्री देत नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. बाहेर आल्यावर निकेशच्या डोळ्यांत पाणी होतं. कोणीतरी त्याचं खरं मानलं होतं.

माघात साक्षगंध झालं, म्हणजे साखरपुडा. दोन्ही कार्डं ताटात शेजारी शेजारी ठेवली, दोन्ही पांढरी. शकुनबाईंनी निकेशचं कार्ड तीनतीनदा उलटून पाहिलं. सिकल नाही, दुसरं दुखणं आहे, गुंजनला सगळं माहीत आहे, एवढं निकेशने आईला आधीच सांगितलं होतं.

लग्नाची तारीख निघाली. तुलारामने विचारलं, पोरीचं काही म्हणणं?

"एकच," गुंजन उभी राहून म्हणाली. "लग्नानंतर चार दिवस घरात एकही पाहुणा नको."

मंडपात बायकांनी तोंडाला पदर लावला, म्हातारे खोकल्याच्या नावाखाली हसले, शकुनबाई तर पोट धरून हसल्या. ज्याला जे समजायचं ते त्याने समजून घेतलं. ते चार दिवस ओल्या पट्ट्यांचे, पेजेचे आणि बंद खिडक्यांचे असणार आहेत, हे फक्त दोघांना ठाऊक होतं.

निकेश तिच्याकडे वाकला. कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झालेल्या.

"ताप येईलच, गुंजन. विचार कर. कायले माझ्यासाठी चार दिवस खराब करतं?"

"तापासाठी कोण चार दिवस मागते," ती समोर बघत, ओठ न हलवता म्हणाली. "त्याच्या आधीच्या रात्रीसाठी मागितले."