मुरपाटच्या कुरणातला बाण

नूतन रामटेके ब्रह्मपुरीत लग्नाआधीच्या चौकशा करायच्या. मुलगा पितो का, मुलीचं दुसरीकडे जमलंय का, हे त्या दोन दिवसांत शोधून काढत. त्यांना मोटरसायकलवरून नेणारा दीर देवानंद स्वतःला गुप्तहेर समजायचा. गाडी त्याची असल्यामुळे वहिनी काही बोलत नसत.

त्या सकाळी दारात हिरव्या गणवेशातली गोकुळा उभी राहिली.

"ताई, उद्या गावाची सभा हाय. हा डरेस काढून घेऊन राह्यले माह्या अंगावरचा."

व्याघ्रप्रकल्पाच्या मोहर्ली गेटाकडच्या मुरपाट गावानं आपलं कुरण आणि भोवतालचं रान पायी फिरणाऱ्यांसाठी खुलं केलं होतं. गाडीला मज्जाव. गोकुळा फाटकावर वाट समजावून द्यायची. पुढे लोक पाट्यांवरचे बाण बघत मचाणापर्यंत जायचे.

"आठ दिस झाले, सकाळचे लोक भलतीकडंच निंगतात. काल नागपूरचे चार बँकवाले तीन घंटे गवतात फिरले. म्हणतात, बाण तिकडंच होता. मी धावत जाऊन पाह्यते, तं बाण बरोबर. दुपारच्यायले काही होत नाई. आमच्या समितीचे अध्यक्ष वामनराव म्हणते, गोकुळाच चुकीची वाट सांगते." तिनं डोक्यावरची टोपी काढून घडी घातली. "गावातली पहिली बाई गाईड मी. मले काढलं तं दुसरी कोण उभी राहीन?"

नूतनबाईंनी चपला घातल्या.

ते मुरपाटला पोचले तेव्हा बारा वाजले होते. चैत्र सुरू होता. अंगणाअंगणांत मोहफुलं वाळत होती. फाटकावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'पायवाटेवरची मोहफुले वेचू नयेत. ठराव, श्रावण. अध्यक्ष, वामनराव.' देवानंदनं ते मोठ्यानं वाचलं. काहीतरी काम केल्यासारखं त्याला वाटलं.

कोसभर चालल्यावर वाट फुटली. डावीकडे एका थोरल्या मोहाखालून मचाणाची वाट, उजवीकडे इस्तारीच्या बोडीकडे, म्हणजे मासळीच्या छोट्या तळ्याकडे जाणारी. मधल्या खांबावर एकाच खिळ्यावर बाणाची पाटी होती. ती फिरवून पाहायला देवानंदला टाचा उंचवाव्या लागल्या. हात चिकट झाला, वर मुंग्याही चढल्या.

"कोणी गूळ खाल्ला वाटते, वैनी."

नूतनबाईंनी त्याचा हात हुंगला आणि त्या मोहाखाली गेल्या. तिथला पालापाचोळा जाळून जमीन अंगणासारखी झाडलेली होती. फूल एकही नव्हतं.

"चोर मले मालूम हाय," देवानंद म्हणाला. "विक्की. मोहर्लीत सफारीची जिप्सी चालवते तो. लोक पायी फिरले तं त्याची जिप्सी कोण घेईन?"

विक्की मोहर्लीच्या गेटवर जिप्सी धूत होता. "भाऊ, मी पाच वाजता सफारीत शिरतो, दहाले बाहेर येतो. गेटवर नोंद हाय. बाण फिरवाले मंधात वाघावर बसून जाऊ का?"

देवानंद हिरमुसला.

इस्तारी बोडीवर जाळं सांधत बसला होता. "माह्याकडं लोक पाठवून मले काय भेटते? कालच्या बँकवाल्यायनं पाण्यात उड्या मारल्या. मासोळ्या पयाल्या सगळ्या."

शेवटी वामनरावांच्या अंगणात खाट मिळाली. माणूस ताडमाड, पांढराशुभ्र सदरा. त्यांच्या कोपराएवढ्या उंचीच्या बायकोनं, बायनाबाईंनी, चहा आणला.

"यायचा बिनसाखरेचा हाय," त्या म्हणाल्या. "डाक्टरनं गोड बंद केलं. घरात साखरच ठेवत नाई. तुमीबी तसाच घ्या."

"मी तं त्या फाट्यावर महिनाभर गेलोच नाई," वामनराव बाहीवरच्या मुंग्या झटकत म्हणाले. "ह्या मुंग्या चहा सांडला म्हणून. पोरीचंच ध्यान नाई कामात."

नूतनबाई तो कडू चहा संपवून उठल्या. परतताना देवानंदनं तीन वेळा विचारलं. त्यांनी तीनही वेळा रस्ता बघून गाडी चालवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता अख्खं गाव सभेला जमलं. गोकुळा घडी घातलेली टोपी हातात धरून कोपऱ्यात उभी होती.

"बाण सकाळीच फिरतो, दुपारच्या आत सरळ होतो," नूतनबाईंनी सुरुवात केली. "सकाळी दहापर्यंत रानात काय चालतं?"

"मोह वेचणं," बाया एका सुरात म्हणाल्या.

"फाट्यावरच्या मोहाखाली कोणीतरी रोज झाडून वेचतंय. तिथूनच पाहुण्यांची वाट जाते. पाय पडले तर फुलांचा चिखल होणार, आणि ठराव मोडलेला दिसणार. म्हणून पाहुणे बोडीकडे. पाटीवर मोहाचा चिकट रस होता. पाटी उंच, म्हणजे वेचणारे हात बायकांचे असले तरी फिरवणारा उंच माणूस. विक्की त्या वेळी सफारीत, इस्तारीचं तर नुकसानच. आणि वामनराव, घरात साखरेचा कण नाही, तर चहा सांडून बाहीला मुंग्या कशा लागल्या?"

देवानंदनं आपल्या हाताकडे पाहिलं. त्याला एकदम सगळं उमगलं, वहिनींनी सांगितल्यानंतर.

"ठराव श्रावणातला," नूतनबाई पुढे म्हणाल्या. "तेव्हा मोहाला फूल नसतं. आणि वाट आखायला गेले सगळे पुरुष. कोणतं झाड कोणाच्या घरचं, हे त्यांच्यातल्या एकाला तरी ठाऊक होतं का?"

पुरुष एकमेकांकडे बोट दाखवू लागले.

"माह्या सासूचं झाड हाय ते," बायनाबाई उठल्या. "यायनं फॉरेस्टच्या सायबासमोर ऐटीत ठराव मांडला, घरी येऊन सांगतलाबी नाई. फूल पडाले लागलं तवा मीच म्हणलं, आता तुमीच निस्तरा. येचू बी लागा. पण पोरीवर आळ घेतला, हे मले ठाव नोहतं."

वामनराव उभे राहिले. एवढा उंच माणूस, पण त्या वेळी बराच आखूड दिसला.

"मीच मांडलेला ठराव कोणत्या तोंडानं मोडू म्हणलं. गोकुळा, चुकलं माह्यं. तुह्या पोटावर पाय देत होतो."

गोकुळाचे डोळे भरून आले. तिनं टोपी उलगडून डोक्यावर घातली.

वाट मोहापासून वीस पावलं दूर न्यायची, असा नवा ठराव झाला. आखायला गोकुळा आणि सगळ्या बाया जाणार होत्या. "आन् गवत कापाले?" कोणीतरी विचारलं. बायनाबाईंनी नवऱ्याच्या हातात विळा दिला.

दुपारी अध्यक्ष कमरेत वाकून गवत कापत होते. गोकुळा मागून बघत होती.

"वाकडं जाऊन राह्यले, भाऊ," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून घ्या."

वामनरावांनी विळा उचलला आणि पहिल्यापासून घेतलं.