फुग्याला भोसकणारे गावकरी

"ज्ञानदा, असशील तशी ये. भिंतीवर टांगलंय ते चित्र माझं नाही!"

दामोदरकाकांचा फोन ठेवून ज्ञानदानं सायकल काढली. जानेवारी २०२१. नेदरलँड्समधल्या रायस्वाइकच्या रस्त्यांवर चिटपाखरू नव्हतं. तीन आठवडे कोरोनाशी झुंजून काका कालच हॉस्पिटलातून परतले होते. जुने कागद दुरुस्त करणं हा ज्ञानदाचा धंदा, म्हणून तिला बोलावणं.

घरी एकच पाहुणा चालेल असा सरकारी नियम. इथे आधीच दोघं हजर. काकांचा पुतण्या सुदर्शन, मास्कच्या वर सकाळच्या पूजेचं ताजं अष्टगंध. आणि टिकलीखालचे डोळे रडून सुजलेली प्रांजली, डबे करणारी.

"किल्ली हिच्याकडेच होती, कुंड्यांना पाणी घालायला," सुदर्शन कडाडला. "आता पोलिसात तक्रार देतोय."

"ताई, चोर म्हणून नाव झालं तर माझा डबा कोण घेईल हो?" प्रांजलीला हुंदका आवरेना.

ज्ञानदानं चित्र खाली घेतलं. आभाळातून पडलेल्या प्रचंड वायुफुग्याला राक्षस समजून काट्या-कुदळींनी भोसकणारे गावकरी. सव्वादोनशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. छापताना कडेनं उमटलेला पत्र्याचा खोलगट दाब काचेतूनही दिसायला हवा होता. कागद सपाट निघाला. नक्कल!

"याचे फोटो कुणाकडे होते, काका?"

"घरातल्या सगळ्यांकडे. माझ्यामागं हे संग्रहालयाला द्यायचंय, हेही सगळ्यांना ठाऊक."

"प्रांजली, पाणी घालताना दार?"

"सताड उघडं. विषाणू जावा म्हणून. मी मागच्या बागेत असायचे."

"सुदर्शन, तू आत आलास कधी?"

"छे! घरात कोरोना होता. मी उंबरठासुद्धा ओलांडला नाही. हॉस्पिटलात रोज फोन मात्र करायचो."

ज्ञानदानं फ्रेम उघडली. चौकटीच्या पट्टीखाली झाकलेला कागदाचा खालचा कोपरा दिसला. त्यावर बुटाच्या टोकाचा मळकट डाग आणि शेजारी केशरी ठिपका. तिनं तो हुंगला. ओळखीचा चंदनी वास.

"घाईत नक्कल हातातून निसटली आणि तिला पाय लागला," ती हळूच म्हणाली. "कागदाला पाय लागला की आपण काय करतो? उचलून कपाळाला लावतो. चोरी करतानाही ती सवय सुटली नाही. काकांच्या घरात देव नाहीत, प्रांजली लावते चिकटवायची टिकली. हे अष्टगंध आहे, सुदर्शन."

सुदर्शनचा हात आपसूक कपाळाकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला.

"माझ्याच घरी आहे चित्र," तो कसाबसा म्हणाला. "संग्रहालयात गेलं असतं तर आपल्या हाती काय राहिलं असतं?"

"पण काका जिवंत होते रे!" प्रांजली ओरडली.

काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"नर्स रोज सांगायची, पुतण्याचा फोन आला होता, कसे आहात विचारत होता." ते सुदर्शनकडे वळले. "मी वेडा. मला वाटायचं, काळजीनं विचारतोस."