शुक्रवारचा बर्फ

संघमित्रा मेश्रामला थंडीचं कौतुक कधीच नव्हतं. नागपूरच्या उन्हात वाढलेली बाई, आणि नोकरी मिळाली ती डेन्व्हरजवळच्या एका प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये, उणे पस्तीस डिग्रीत. अंटार्क्टिकाच्या पोटात ड्रिल घालून काढलेले बर्फाचे लांबट दांडे तिथं फळ्यांवर निजवून ठेवलेले असत. ते करवतीवर कापायचे, दिव्याच्या काचेवर ठेवून त्यांतले थर तपासायचे, हे तिचं काम. जोडीला डोरीन, पन्नाशीची, सदा च्युइंग गम चघळणारी.

शुक्रवारी दुपारी काम आटोपलं की कापताना उरलेले तुकडे ग्लासात पडत. डोरीनच्या ग्लासात व्हिस्की, संघमित्राच्या ग्लासात संत्र्याचा ज्यूस. मग दोघी ग्लास कानाशी धरून गप्प बसत. हजारो वर्षं कोंडलेली हवा वितळत्या बर्फातून सुटते तेव्हा बारीक तडतडते, फोडणीतली शेवटची मोहरी उडावी तेवढीच. फ्रीजमधला साधा बर्फ असा वाजत नाही. तो आवाज संघमित्रानं झोपेतसुद्धा ओळखला असता.

हाच बर्फ काढायला तिचा नवरा प्रितम तिकडे गेला होता, सलग दुसऱ्या वर्षी. चार तंबू, बर्फातच खणलेला एक खंदक, त्यात ड्रिल, आणि चहूकडे नुसतं पांढरं. निघताना तिनं त्याला बजावलं होतं, "हे शेवटचं हं प्रितम. मला नवरा घरात पाहिजे, नकाशावर नाही." तो हसला होता. तिला हसू आलं नव्हतं.

पंच्याण्णवचा जानेवारी होता. गेल्या वर्षीच्या मोहिमेतला एक दांडा तिनं डब्यातून काढला. डब्यावर प्रितमचंच गिचमिड अक्षर. हिशेबानं तो थर बुद्धाच्याही आधीचा. तिनं दांडा काचेवर ठेवला, खालचा दिवा लावला, आणि बर्फाच्या मधोमध एक पिवळी रेघ दिसली.

"कुणाच्या तरी ग्लोव्हचा धागा," डोरीन म्हणाली. "पॅक करताना चिकटला असेल."

चिकटला असता तर बाहेरून असता. त्यांनी दांडा उभा चिरला. धागा अगदी गाभ्यात होता, आणि हवेचे बुडबुडे त्याच्या भोवती जसेच्या तसे बसलेले. त्याला वाट करून द्यायला कुणी बर्फ फोडला होता असं कुठंच दिसत नव्हतं. संघमित्रानं तो चिमट्यानं सोडवला. बोटभर पिवळी लोकर, पुढं निळी, आणि दोन्हींच्या मध्ये गाठ.

गाठ तिची होती. दोन वेढे, आणि तिसरा उलटा घालून ओढलेला. तिच्या आईची ही सवय, शेजारणी त्यावरून आईला चिडवत. ऑक्टोबरात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आठवड्यात, तिनं प्रितमसाठी हळदी रंगाचा मफलर विणला होता. लोकर कमी पडली म्हणून जुन्या निळ्या स्वेटरची बाही उसवून पुढं जोडली होती. म्हणजे मफलर विणला तीनच महिन्यांपूर्वी, गेल्या ऑक्टोबरात. आणि हा बर्फ वर काढला त्याच्या आधीच्या जानेवारीत.

डोरीनला हे सांगितलं तेव्हा तिचं चघळणं थांबलं. "सँडी, तू घरी जा," एवढंच ती म्हणाली. संघमित्रा हे नाव तिच्या जिभेवर कधी बसलंच नव्हतं.

मेश्रामांच्या घरात भूतखेत, नजर, अंगारे-धुपारे असलं काही चालत नसे. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी ते सगळं घराबाहेर गेलं, ते परत आलं नाही. त्यामुळे अशा गोष्टीला घाबरायचं कसं हेही तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिनं धागा पर्समध्ये ठेवला आणि गाडी काढली.

कॅम्पशी बोलायचं म्हणजे गावातला एक रिटायर्ड रेडिओवाला मध्ये घालावा लागे. तो हौसेनं कॉल जोडून द्यायचा. एकानं बोलून 'ओव्हर' म्हणायचं, मग दुसऱ्यानं तोंड उघडायचं.

"तुझा मफलर कुठे आहे? ओव्हर."

"गळ्यात. हे काय विचारणं झालं यार? ओव्हर."

"निळं जोडलंय तिथली गाठ बघ. ओव्हर."

नुसती खरखर. मग, "आहे की. का गं? ओव्हर."

"पुढच्या विमानानं घरी ये. कारण विचारू नकोस. ओव्हर."

"अगं, तळ लागायला आलाय. दोन वर्षांची मेहनत आहे. असं अर्धवट टाकून कसा येऊ? ओव्हर."

"तळ गेला खड्ड्यात. मला तू पाहिजेस. मला भीती वाटतेय प्रितम. ओव्हर."

हे शब्द तिच्या तोंडून त्यानं कधी ऐकले नव्हते. "बरं, येतो. वारा सुटलाय, वाटेच्या खुणेचे झेंडे तेवढे नीट रोवून येतो आणि बॅग भरतो. जय भीम. ओव्हर."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन आला. झेंडे रोवायला गेलेला प्रितम वादळात दिसेनासा झाला होता. संघमित्रा फोनपाशी बसून राहिली. जेवली नाही. मीच त्याला घाई केली, मीच बाहेर धाडलं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

त्यानंतरच्या दिवशी तो सापडला. ड्रिलच्या खंदकात, भोकाच्या तोंडाशी, शांत बसलेला. त्या खंदकात माणसं आधी दोनदा शोधून गेली होती. बोटं शाबूत, नाक शाबूत, हिमदंशाचा एक डागही नाही. कॅम्पच्या डॉक्टरचा विश्वास बसेना. येईल त्या विमानानं त्यांनी त्याला रवाना केलं.

विमानतळावर तो बॅग ओढत आला. तीच चाल, तेच एका बाजूनं हसणं. गळा उघडा होता.

"मफलर हरवला गं वादळात," तो आपणहून म्हणाला. "दुसरा विणशील ना?"

तिनं त्याला तिथंच मिठी मारली, लोकांची पर्वा न करता. जीव भांड्यात पडला. धागा, थर, हिशेब, सगळं गेलं चुलीत.

घरी तिनं वरण-भात केला, ठेचा वाटला. तो दोनदा वाढून घेऊन जेवला. कॅम्पातले किस्से सांगितले, डोरीनची नक्कल केली. चहा मात्र समोर ठेवून दिला. उकळता चहा जीभ भाजत पिणारा माणूस, कप पार गार होऊन वर साय धरेपर्यंत थांबला, आणि मग एका घोटात प्यायला.

"प्रवासानं दमलाय," ती स्वतःशीच म्हणाली.

जेवणानंतर तो खिडकीपाशी सोफ्यावर आडवा झाला. कोलोरॅडोतलं हिवाळी ऊन, काचेतून चांगलं कडक येणारं. ती त्याच्या शेजारी सरकली आणि छातीवर डोकं ठेवलं. किती महिन्यांनी. आतले ठोके संथ, नीट चालले होते. तिचे डोळे भरून आले.

तड.

तिनं श्वास धरला.

ठोका. ठोका. मग पुन्हा, ठोक्याच्या खालून, अगदी बारीक. तड. तड तड.

ऊन सरकत त्याच्या छातीवर आलं. आवाज भराभर येऊ लागला.

"काय ऐकतेस एवढं?" त्यानं तिच्या केसांवरून हात फिरवत विचारलं. हात तोच होता.

"काही नाही रे. पड तू."

ती उठली. खिडकीचा पडदा पूर्ण ओढून घेतला. पॅसेजमध्ये जाऊन हीटर बंद केला, मागचं दार सताड उघडलं. बाहेर उन्हातच बर्फ भुरभुरायला लागला होता.

मग खुंटीवरचा फ्रीझरचा जाड कोट अंगात घालून, गळ्यापर्यंत चेन लावून, ती परत त्याच्या शेजारी येऊन बसली.