गोधडीवरची नाणी

प्रिती कांबळे खाजगी तपास करणाऱ्या दीपिकाच्या दादरच्या ऑफिसात आली, तेव्हा तिच्या वडिलांना जाऊन तीन दिवस झाले होते आणि भावाला पोलिसांनी नेऊन दोन. तिचं रडून झालेलं दिसत होतं. तिने मोबाइल टेबलावर ठेवून फोटो दाखवले.

फोटो चिंचपोकळीच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीचे, पोलीस यायच्या आधीचे होते. बुधाजी कांबळे भरदुपारी ओट्याशी मरून पडलेले सापडले. डोकं दगडी कडेवर आपटलं होतं. कपाट उघडं होतं, नाण्यांचे ट्रे रिकामे केलेले. मात्र गेलं काहीच नव्हतं, अगदी त्यांनी जिवापाड जपलेला रायवळ संस्थानचा रुपयासुद्धा. चोरी नाही म्हणजे घरचाच माणूस, असा पोलिसांचा हिशेब. त्यातून सकाळी बापलेकांचं भांडण अख्ख्या मजल्याने ऐकलेलं.

“ताई, बाबा तर गेले. दादाला तरी परत आणून द्या.”

दीपिकाचे कामातले जोडीदार आनंदाकाका हे निवृत्त हवालदार. पोलिसांचं म्हणणं त्यांना पटलं होतं, आणि पटलं की त्यांची मान आपोआप डोलायची. दीपिकाने ती डोलणारी मान पाहिली आणि फोटो त्यांच्यापुढे सरकवला.

“काका, काय दिसतं?”

“पसारा.”

“नीट बघा.”

काकांनी चष्मा पुसून पाहिलं. गोधडीवर ढब्बू पैसे, भोकाचे पैसे, झिजलेले दोन चांदीचे रुपये होते. खाली फरशीवर चकचकीत फँटसी नाणी विखुरली होती, म्हणजे कुठल्याच सरकारने कधी न काढलेली, कारागिराने हौसेखातर पाडलेली. त्यांच्यातच रायवळचा रुपया पडला होता, कडेला पोचा आलेला. काकांनी हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं आणि पुन्हा म्हणाले, पसाराच आहे.

वडील काय काम करायचे, असं दीपिकाने विचारलं. गिरणीत, छपाई खात्यात, कापडातले दोष शोधायचे, असं प्रिती म्हणाली. त्या दिवशी सकाळी फोनवर ते भिंग घेऊन बसलेत असं कळलं, आणि मध्येच म्हणाले, एकच डाग दोन थानांवर दिसला की समजायचं रोलर एकच. तिला वाटलं, म्हातारपणी गिरणी आठवतेय.

कोठडीत प्रितीचा भाऊ संघर्ष खाली मान घालून बसला होता. “बाबा रविवारी मंडळाच्या सभेत उभे राहून काहीतरी बोलणार होते. काय ते सांगेनात. मी म्हटलं, लोक हसतील तुम्हाला. मला त्यातलं एक नाणं ओळखता येत नाही हो. आणि आमचं शेवटचं बोलणं हे झालं.”

नाणेसंग्राहक मंडळाचे अध्यक्ष जयवंत परुळेकर शिवाजी पार्कला राहत. फँटसी नाणं म्हणजे सभ्य कपड्यातलं नकली नाणं, असल्या वस्तूंना संग्रहात जागाच नको, असं त्यांनी अर्धा तास ऐकवलं. रायवळचा रुपया मात्र अस्सल. चाचणीसाठी पाडलेला, चलनात न आलेला. दाखला त्यांनीच दिला होता.

बुधाजींच्या चाळीपासून दोन गल्ल्यांवर विनीत घाडीचा कारखाना होता. फँटसी नाणी तोच पाडायचा, आणि नाण्याच्या अंगावरच तसं लिहून उघड विकायचा. यात फसवणूक कुठली, असा त्याचा सवाल. “माझ्यासाठी नाणं ते नाणं. खरं-खोटं हा भेद या म्हाताऱ्यांचा.” बोलताना तो स्वतःची नाणी टेबलावर खणखण टाकत होता. दीपिकाने पर्समधला एक जुना पैसा त्याला बघायला दिला. तो त्याने कडेने धरला आणि पाहून झाल्यावर रुमालावर ठेवला.

रविवारी गिरगावच्या हॉलमध्ये सभा भरली. दाराशी इन्स्पेक्टर उभे होते. पुढे प्रिती बसली होती, मागच्या रांगेत विनीत. दीपिकाने फोटो पडद्यावर दाखवला.

“खोली कुणीतरी घाईत शोधली. पण खरी नाणी गोधडीवर हलकेच ठेवली आणि फँटसी फरशीवर फेकली. संघर्षने सगळी एकत्रच ओतली असती. म्हणजे हा हात जाणकाराचा.”

जयवंतरावांचा चेहरा उतरला. “मग माझ्यावर संशय?”

“तुम्ही रायवळचा रुपया फरशीवर टाकला असता?”

“जीव गेला तरी नाही.”

“तो फँटसीत फेकलाय. बुधाजी सोडले तर तो खोटा आहे हे फक्त एकाच माणसाला ठाऊक होतं. ज्याने तो पाडला त्याला.”

दीपिकाने इन्स्पेक्टरांकडून घेतलेला रुपया आणि विनीतकडचं एक फँटसी नाणं जयवंतरावांपुढे ठेवलं. त्यांनी भिंग लावलं. दोन्हींवर चंद्रकोरीखाली तोच बारीक चरा होता. डाग एक, रोलर एक. नाणं पाडायचा ठसा बुधाजींनी ओळखला होता, आणि विनीतने अस्सल म्हणून खपवलेला आपला लाडका रुपया खोटा आहे हे ते भर सभेत सांगणार होते. तसं त्यांनी लिहून ठेवलेल्या कागदासाठीच खोली शोधली गेली. रुपया मुद्दाम मागे ठेवला, कारण तो नाहीसा झाला असता तर चौकशी त्याचीच झाली असती.

त्याच सकाळी विनीतच्या कारखान्यात तो ठसा मिळाल्याचं इन्स्पेक्टरांनी सांगितलं. कागद जाळला होता, पण स्वतः कोरलेला ठसा मोडायला विनीतचा हात धजला नव्हता.

“मी फक्त ढकललं,” विनीत म्हणाला. “म्हटलं होतं त्यांना, हसं तुमचंच होईल.”

“हसू दे, असं म्हणाले असतील,” प्रिती म्हणाली.

इन्स्पेक्टर दाराशून आत आले आणि विनीतला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी संघर्ष घरी आला. आनंदाकाका पोलिसांकडली नाणी परत द्यायला गेले होते. ओट्याकडे न बघता संघर्षने पिशवी घेतली आणि खरी, खोटी, रायवळचा रुपया, सगळं बाबांच्या एकाच डब्यात ओतून झाकण लावलं. वेगळी ठेवायची असतात, असं काकांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी प्रितीकडे पाहिलं आणि डबा ठेवायला कपाटाचं दार उघडून धरलं.