न दिसणारी ज्योत

"आजपासून एकाही स्टोव्हला हात लावायचा नाही!" फोल्केमामा गरजला. त्याने टेबलावरची चादर सगळ्यांसमोर फडकवली. तिच्या कोपऱ्याला बशीएवढं काळं भोक पडलं होतं.

"पण आम्ही काडी ओढलीच नाही!" तुवा म्हणाली.

"मग काय तळ्यातल्या माशांनी ओढली?"

जुन्या पितळी स्पिरिट-स्टोव्हचे शौकीन दर उन्हाळ्यात या तळ्याकाठी तंबू ठोकत. आपापले स्टोव्ह घासूनपुसून लखलखीत करत आणि त्यांवरच कॉफी उकळत, सॉसेज भाजत. यंदा मामाबरोबर तुवा, तिचा धाकटा भाऊ माल्टे आणि मैत्रीण इदिलही आली होती. काल मामाची टोपी जळाली, आज चादर. दोन्ही वेळा आळ मुलांवर!

"आपण चोरासारखं गप्प बसायचं? मी नाही बसणार!" मामा निघून जाताच तुवा फणफणली. "टोपी कुठे होती काल?"

"याच टेबलावर, या स्टोव्हशेजारी," इदिल म्हणाली. "पण तो तर विझलेला होता. आत्ताही विझलेलाच आहे."

"विझलेला?" माल्टे पुटपुटला. "मग तो डास का मेला? स्टोव्हवरून उडाला आणि टपकन पडला!"

तिघं वाकून बघू लागले. ऊन रणरणत होतं. ज्योत कुठेच दिसत नव्हती. पण स्टोव्हवरची हवा मात्र थरथरत होती. इदिलने जॅकेट काढून त्यावर दुरूनच सावली धरली.

"अगं बाई! पेटलाय हा!"

सावलीत निळी ज्योत नाचत होती!

तेवढ्यात मामा आला. हातात स्पिरिटची बाटली, बूच उघडं!

"सरका. स्टोव्ह विझलाय, भरू दे मला."

"नाही सरकणार!" तुवा हात पसरून आडवी उभी राहिली. "बाटली मागे घे, मामा!"

"तुवा, मुकाट्याने बाजूला हो!"

"नाही म्हणजे नाही! माल्टे, साल आण!"

माल्टेने बर्च झाडाच्या सालीची लांब पट्टी आणून 'विझलेल्या' स्टोव्हवर धरली. भप्प! साल पेटली. माल्टेने ती पटकन पाण्याच्या बादलीत बुडवली.

मामाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने बाटलीला बूच लावलं, ती लांब नेऊन ठेवली, मग स्टोव्हवर झाकण दाबलं. आरडाओरडा ऐकून सगळे शौकीन धावत आले होते.

"पोरांनो, शाब्बास! तुम्ही मला वाचवलंत," मामा कसाबसा म्हणाला.

"शाबासकी नंतर," तुवा ठामपणे म्हणाली. "आधी सांग, टोपी आणि चादर कुणी जाळली?"

"मी," मामा हळूच म्हणाला.

"ऐकू नाही आलं!" इदिल आणि माल्टे एकदम ओरडले.

"मी जाळली! दोन्ही! स्टोव्ह मीच पेटवला, उन्हात ज्योत दिसली नाही म्हणून विझला समजलो, आणि आळ तुमच्यावर घेतला. चुकलो!"

सगळ्यांत वयस्कर गुनवोरआजी हसत पुढे आल्या. त्यांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली.

"माझी हयात गेली या स्टोव्हांमागे, पण एवढी तीक्ष्ण नजर नाही पाहिली! ऐका रे सगळ्यांनी, यापुढे या तिघांनी 'हो' म्हटल्याशिवाय इथे कुणी स्पिरिट ओतायचं नाही. आणि फोल्के, तू तर मुळीच नाही!"